बाप दाखव!

भांडण ऐन रंगात आलं की आपल्याकडे ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ म्हणतात. ‘आई दाखव’ असं कोणी कोणाला दटावल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. आई समोरच असते, तिला काय दाखवायचं, असं त्यावर एक उत्तर आहे. पण जी समोर आहे तिची नोंदच करायची नाही आणि ज्याला कागदाचा टेकू लागतो त्याच्या सोळा पिढ्यांचे पोवाडे गायचे, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली वीस-बावीस वर्षं बँकेत काउंटरमागे बसतो. तिथे रोकड आधी मोजतात, थोरवी मागाहून.

घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींचं एक ठेवणीतलं अस्त्र आहे. ‘‘अहो, घोडा घेतानासुद्धा त्याची कुळी बघतात. आपण तर माणसं!’’ बस्स. समोरचा गप्प. मीही वर्षानुवर्षं गप्प बसत आलो, कारण घोड्याशी माझा संबंध आयुष्यात दोनदाच आला. एकदा माथेरानला आणि एकदा स्वतःच्या वरातीत. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्या हातात होता. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तिकडची शे-दीडशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतील अशी सोय करून ठेवली आहे, आणि फुकट म्हटलं की मी काहीही वाचतो. शहाणी माणसं त्यातले अग्रलेख वाचत असतील. मी जाहिराती वाचतो. म्हटलं, एवढी घोड्याची साक्ष काढताहेत, तर घोड्याचं म्हणणं तरी काय आहे ते एकदा बघू या.

न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीच्या उत्तरेला हंटर नदीचं खोरं आहे. मेटलंड, सिंगल्टन, स्कोन, पॅटर्सन ही तिथली गावं. १८२० नंतर इंग्रज सरकारने तिथल्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना भराभर वाटल्या. जमीन मुळात वोनारुआ लोकांची. पण त्यांचा सात-बारा कोणी पाहिला नाही. (घोड्याच्या दहा पिढ्या तोंडपाठ असलेल्या या लोकांनी जमिनीची मात्र एक पिढीसुद्धा मागे जाऊन चौकशी केली नाही, हे मला बँकेचा माणूस म्हणून फार खटकतं. आम्ही वीतभर फ्लॅटला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो.) १८४३ साली मेटलंडला ‘मेटलंड मर्क्युरी’ नावाचं वर्तमानपत्र निघालं. तिकडे सप्टेंबरात वसंत ऋतू येतो आणि वसंत ऋतूत या पत्राच्या पानांवर घोडे येतात. पैदाशीचे घोडे. जुन्या मराठीत ज्याला अंडील घोडा म्हणत, तो.

जाहिरातीचा साचा ठरलेला. सर्वात वर घोड्याचं छोटं चित्र. आणि गंमत म्हणजे छापखान्यात ठसे मोजकेच असल्यामुळे नांगराचा घोडा काय आणि शर्यतीचा काय, चित्र तेच. त्याखाली मजकूर, की अमुक अमुक सुप्रसिद्ध घोडा यंदाच्या हंगामात तमुक मळ्यावर ‘उभा राहील’. वाचताना क्षणभर निवडणुकीचा भास होतो. पुढचं वर्णन वाचून तर खात्रीच पटते. रंग तेजस्वी, हाडपेर दणकट, स्वभाव गरीब, सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे अधिक सांगणे नलगे. उंची हँडमध्ये. एक हँड म्हणजे ४ इंच. १६ हँड २ इंच म्हणजे साडेपाच फूट, आणि तीही नुसत्या खांद्यापर्यंत. माझी टाळू धरून तेवढीच आहे.

मग वंशावळ. हा घोडा अमक्याचा, अमका तमक्याचा, तमका फलाण्याचा, फलाणा थेट इंग्लंडहून आणलेल्या बिस्ताण्याचा. आईचं काय? आई येते; नाही असं नाही. पण कशी येते पाहा. पुष्कळ जाहिरातींत घोडीला नावच नसतं. ‘आई: अमक्या घोड्याची मुलगी. आजी: तमक्या घोड्याची मुलगी.’ म्हणजे आईची ओळख विचारली तरी उत्तरात पुन्हा एक बापच. अकरा महिने पोटात वागवणारी राहिली बाजूला, आणि तिच्या बापाचं नाव ठळक टायपात.

यातली खरी मौज अशी, की ही सगळी वसाहत मुळात कैद्यांची. इंग्लंडातून काळ्या पाण्यावर धाडलेले गुन्हेगार तिथे १८४० पर्यंत येत होते आणि हंटर खोऱ्यातल्या बड्या मळ्यांवर राबत होते. अशा मुलखात माणसाला ‘तुम्ही कुठले? वडील काय करायचे?’ असं विचारणं असभ्यच नव्हे तर धोक्याचंही असे. सगळ्यांनी बाप सांगायची सगळी हौस मग घोड्यावर भागवून घेतली.

वंशावळीखाली मात्र बारीक अक्षरात अटी असत, आणि तिथे मी अक्षरशः टोपी काढली. फी गिनीत. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. गिनीचं नाणं टांकसाळीतून बंद होऊन कित्येक वर्षं लोटली होती, पण घोडा, डॉक्टर आणि बॅरिस्टर यांची किंमत पौंडात सांगणं हलकं समजत. समजा फी तीन गिनी. मग मोतद्दाराचे वेगळे पाच शिलिंग. एकाच मालकाच्या दोन-तीन घोड्या असतील तर सवलत. पैसे हंगामाच्या अखेरीस. चरायला कुरण देऊ, घोड्यांची सर्वतोपरी काळजी घेऊ. परंतु काही कमीजास्त झाल्यास जबाबदारी आमची नाही. (आमच्या धंद्यातले लॉकरचे जुने नियम ज्यांनी वाचले आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.) मुदतीत घोडी परत नेली नाही तर चाऱ्याचे पैसे आठवड्याच्या हिशेबाने. काही ठिकाणी जादा पैसे भरून हमी मिळे, की शिंगरू झालं नाही तर फी नाही. कुठल्या स्थळाने आजवर आपल्याला अशी हमी दिली आहे? एकाच जाहिरातीत वरची वंशावळ भाटाने लिहावी आणि खालच्या अटी कारकुनाने, असा प्रकार. खरं बोललाय तो कारकून.

भाटाचं कसं होतं बघा. शर्यतीच्या घोड्यांची इंग्रजी वंशावळीची वही, जनरल स्टड बुक, १७९१ पासूनची. ती निदान होती. पण ऑस्ट्रेलियाची स्वतःची वही निघाली १८७८ साली. ओढकामाच्या क्लाइड्सडेल जातीची तर मूळ स्कॉटलंडात संस्थाच १८७७ साली स्थापन झाली. आणि हंटर खोऱ्यात त्याच्या कितीतरी आधीपासून ‘शुद्ध क्लाइड्सडेल’ घोडे उभे राहत होते! रजिस्टर नाही, शिक्का नाही, सही नाही, शुद्ध कशावरून? तर जाहिरातीत छापलंय म्हणून. आमच्याकडे असा दाखला घेऊन कोणी कर्ज मागायला आला तर त्याला पाणी देतात, कर्ज नाही.

सगळेच घोडे मळ्यावर उभे राहत असंही नाही. काही फिरतीवर असत. सोमवारी या खानावळीच्या आवारात, मंगळवारी त्या फाट्यावर, बुधवारी पलीकडच्या गावी, असं वेळापत्रक छापलेलं, आणि मोतद्दार घोड्याला घेऊन वाऱ्यापावसात ते पाळतोय. छोटा शेतकरी आपली नांगराची घोडी घेऊन रस्त्यावर वाट बघत थांबे. त्याच्या घोडीला वंशावळ नव्हती. ती आठवडाभर नांगर ओढी, शनिवारी गाडीला जुंपे आणि रविवारी सगळ्या कुटुंबाला चर्चला नेई. तिचा पाय कसा आहे, ती किती दमते, चिखलात कशी उभी राहते, हे त्याला रोजच्या रोज दिसत होतं. घोड्याबद्दल त्याला फक्त वाचायला मिळत होतं.

आता मुद्द्यावर येतो. वंशावळवाल्यांचं म्हणणं असं, की गुण बापाकडून उतरतो. का वाटतं असं? कारण घोडी वर्षाला एक शिंगरू देते आणि घोडा एका हंगामात डझनांनी. पन्नास शिंगरांतली दोन नावाजली तर जाहिरातीत ती दोन. उरलेली अठ्ठेचाळीस कुठेतरी दूध वाहताहेत, त्यांचा उल्लेख नाही. एखाद्या बँकेने अहवालात फक्त फिटलेली कर्जं छापावी आणि बुडीत खाती गाळावी, तसा हा ताळेबंद. ऑडिटर त्यावर सही करणार नाही. समाज गेली दोन-तीन हजार वर्षं करतोय.

हिशेबच करायचा तर नीट करू. आईबाप दोन, आजे-आज्या चार, असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे जा. तिथे १,०२४ जागा होतात. त्यातला एक म्हणजे बापाच्या बापाच्या बापाचा तो मूळ पुरुष. उरलेले १,०२३ कुठे गेले? मूळ पुरुषाचा वाटा एक हजार चोविसांश. इतक्या भांडवलावर भागधारकांच्या वार्षिक सभेत वेफर्ससुद्धा मिळत नाहीत.

शर्यतीच्या घोड्यांचा असा एक मूळ पुरुष आहे. डार्ली अरेबियन. १७०४ साली तो सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडात आला. २००५ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी सांगितलं, की आजच्या शर्यतीच्या घोड्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांच्या बापाची ओळ त्याच्यापाशी जाऊन पोहोचते. हे ऐकून घराणेवाले उड्या मारतील. मारू द्या. ही ओळ ज्यावरून शोधतात ते ‘वाय’ गुणसूत्र. त्यावर जनुकं अगदी मोजकी आणि त्यातली बरीचशी नुसता नर घडवण्याच्या कामाची. उलट पेशीत शक्ती तयार करणारा जो कारखाना, त्याची स्वतःची गुणसूत्रं सगळी आईकडून येतात. म्हणजे घोडा नर आहे हे बापामुळे, आणि पळायचा दम निम्म्याहून थोडा जास्तच आईमुळे. जाहिरात मात्र बापाची.

हंटर खोऱ्यातले घोडे विसरले गेले, म्हणून नावाजलेलं उदाहरण शेजारच्या न्यूझीलंड वसाहतीतून घेतो. मस्केट नावाचा घोडा. मस्केट म्हणजे जुनी ठासणीची बंदूक. इंग्लंडात त्याच्या लहरी मालकाने तरुणपणीच त्याला गोळी घालायला सांगितली होती, आणि पुढे न्यूझीलंडला नेला तोही बग्गीला जुंपायचे घोडे पैदा करायला, असं सांगतात. त्याची मुलं शर्यती जिंकायला लागल्यावर बारसं कसं झालं? एक मार्टिनी-हेन्री, एक नॉर्डनफेल्ट, एक कार्बाइन. बाप बंदूक म्हणून सगळी पोरं शस्त्रागारात! मार्टिनी-हेन्रीने १८८३ चा मेलबर्न कप जिंकला. कार्बाइनने १८९० चा. पाठीवर ६६ किलोंच्या आसपास वजन आणि बरोबर आणखी ३८ घोडे. या कार्बाइनच्या आईचं नाव होतं मर्सी. इंग्लंडातल्या लिव्हरपूलजवळच्या नदीचं नाव. एकाही पोराला नदीवरून नाव द्यावं असं कोणाला वाटलं नाही. १८९५ साली पोर्टलंडच्या ड्यूकने कार्बाइनला १३,००० गिन्यांना विकत घेऊन इंग्लंडात आणलं. ज्याला गोळी घालायची होती त्याचाच मुलगा. तेव्हासुद्धा सगळे म्हणाले, मस्केटचा मुलगा तो!

योगायोग पाहा, त्याच १८९५ साली एका ऑस्ट्रेलियन माणसाचं पुस्तक इंग्लंडात प्रसिद्ध झालं. ब्रूस लो त्याचं नाव. पुस्तक निघालं तेव्हा तो हयात नव्हता. त्याने काय केलं, तर इंग्लंडच्या तीन मोठ्या शर्यती जिंकणारे सगळे घोडे घेतले आणि बापाऐवजी आईची, तिच्या आईची, तिच्याही आईची ओळ लावत मागे गेला. त्रेचाळीस आद्य घोड्या निघाल्या. जिच्या वंशात विजेते सर्वात जास्त तिला नंबर एक. त्याचं पुढचं गणित कच्चं होतं हे मी कॉमर्सवाला म्हणून मान्य करतो. ज्या घराण्यात मुळात घोडे जास्त, त्यात विजेतेही जास्तच निघणार. पण वही उलटी धरून वाचायची बुद्धी त्याला झाली, हे काय थोडं आहे? आणि ही पहिल्या नंबरची आद्य माता कोण? तिचं नाव वहीत ‘ट्रेगनवेलची बार्ब घोडी’. ट्रेगनवेल हे मालकाचं नाव. कोणी म्हणेल, डार्ली हेही मालकाचंच नाव होतं. कबूल. पण डार्लीच्या घोड्याचं निदान तैलचित्र आहे.

आजही परदेशात जातिवंत घोड्यांच्या लिलावाचं छापील पान उघडून बघा. बापावर चार ओळी. मग ‘पहिली आई’, ‘दुसरी आई’, ‘तिसरी आई’ असे मथळे आणि तिन्हींच्या लेकरांची सविस्तर यादी. जिथे खरोखर खिशातून पैसे काढायचे असतात तिथे आई छापतात. आपल्याकडच्या म्हणींनाही हे ठाऊक होतं. ‘खाण तशी माती’ ही म्हण काही बापाबद्दल नाही.

आता राहिली ती हंटर नदीकाठची नांगराची घोडी. तिचं काय झालं ते सांगतो, कारण तिथे आपला संबंध येतो. या बिननावाच्या घोड्या आणि ते मोठ्या नावाचे घोडे यांच्यापासून एक काटक, कमी चाऱ्यावर लांब मजल मारणारं जनावर तयार झालं. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेने ते जहाजं भरभरून विकत घेतलं. कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या धक्क्यांवर ते उतरायचं. न्यू साउथ वेल्सहून येणारा म्हणून त्याला नाव पडलं ‘वेलर’. बापाचं नाव नाही, जातीचं नाही. माल कुठून आला ते नाव. या वेलरची स्वतंत्र जात म्हणून नोंदवही शंभर वर्षं कोणी ठेवली नाही. कोणाचं अडलंही नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून १ लाख ३६ हजार घोडे परदेशी गेले. परत एकच आला. ते मरताना किंवा दुसऱ्या फौजेला विकले जाताना कोणी त्यांना बाप विचारला नव्हता.

आपल्या भीमथडीच्या तट्टांची कथा काही वेगळी नाही. मराठ्यांची अर्धी दौड ज्यांच्या जिवावर झाली, त्यांची सरकारदरबारी जात म्हणून नोंद झाली आता आता. तोवर ‘भीमथडीचं तट्टू’ ही आपण एकमेकांना द्यायची शिवी होती.

हे सगळं पित्त खवळायला कारण असं, की सध्या आमच्या आडनावाच्या लोकांचा कुलवृत्तांत तयार होत आहे. समिती आहे, चिटणीस आहेत, वर्गणी आहे, फॉर्म आहे. फॉर्मवर रकाने: नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, मूळ गाव, हुद्दा, पुत्र. पत्नीला एक ओळ. आजीला काहीच नाही. माझ्या आजोबांचा मजकूर समितीकडे आधीच तयार आहे. त्यात ते ‘अत्यंत करारी’ होते असं लिहिलंय. करारी म्हणजे त्यांनी तीनदा नोकरी सोडली. ते गेले तेव्हा आजी एकतीस वर्षांची, पदरात तीन मुलं. तिने घरात खानावळ घातली. पहाटे चारला चूल पेटायची ती रात्री दहाला विझायची. त्या खानावळीच्या जोरावर माझे वडील मास्तर झाले, काका पोस्टात लागले, आत्या मॅट्रिक झाली. आमच्या घराण्याचा जो काही हुद्दा त्या रकान्यात भरायचाय तो सगळा तिच्या चुलीतून निघाला.

तिचं लग्नातलं नाव आम्हाला माहीत आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं, सासरच्या आवडीचं. त्याआधी ती कोण होती, कुठल्या आडनावाची, तिची आई कोण, हे घरात कोणालाही सांगता येईना. म्हणजे आमच्या घरातही ट्रेगनवेलची घोडी आहेच. फक्त ट्रेगनवेलच्या जागी आमचं आडनाव. दूरच्या एका काकांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘अरे, ते कशाला लागतंय? मुलगी दिली की त्यांचा संबंध संपला.’’ मी म्हटलं, ‘‘काका, पैदाशीच्या घोड्याच्या जाहिरातीतसुद्धा निदान आईच्या बापाचं नाव असतं.’’ तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटी आत्याकडे गेलो. तिला अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली. ऐकू कमी येतं, पण विचारलेलं बरोबर कळतं. तिने आजीचं माहेरचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं आणि आजीच्या आईचंही नाव सांगितलं. ती सुईण होती म्हणे. ती नावं मी इथे लिहीत नाही, कारण ती आधी फॉर्मवर जायला हवी होती. फॉर्मवर जागा नव्हती म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली, वर्गणीचा चेक टाचणीने जोडला आणि पाठवून दिलं. आठ दिवसांनी चिटणीसांचा फोन आला. चेक वटला होता. पाठची बाजू मात्र स्कॅन होत नाही, असं म्हणाले.